पुढची डावी बाजू

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही: जी शवपेटी मी कधी उचललीच नाही, तिच्या वजनानं माझा डावा खांदा दीड इंच खाली आलाय. टेप लावून मोजलाय. डब्लिनला रॅथमाइन्समध्ये एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर मानेवर, खांद्यांवर उपचार करणारी एक पोरगी बसते, तिनं मोजला. मंगळवार होता, खालून ताज्या पावाचा वास येत होता, मी बनियनवर उभा होतो आणि ती माझ्या पाठीमागून म्हणाली, "काका, या खांद्यावर कधी काही फार जड उचललं होतंत का?" आणि मी, मध्ये श्वासही न घेता, म्हणालो, "आईची शवपेटी." टेप थांबली. "अरेरे," ती म्हणाली. "कधी?" "तीस वर्षं झाली." "मग त्यानं नाही हं. एक दिवस ओझं वाहून खांदा पडत नसतो. वर्षानुवर्षं टेबलाशी एका बाजूला कलून बसलं, की पडतो. काम काय करता तुम्ही?" "शेती," मी म्हणालो.

खाली येऊन बसच्या थांब्यावर उभा राहिलो आणि आलेल्या बसमध्ये चढलोच नाही. खोटं बोललो म्हणून नव्हे. खोटं बोलण्यावरच माझं पोट आहे. चव्वेचाळीस वर्षांत अकरा कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या चार तर चांगल्याही आहेत म्हणतात. थांबलो तो यासाठी, की ही थाप मी फुकट मारली होती. आईच्या शवपेटीला खांदा दिल्याची गोष्ट मी आजवर काही शे वेळा सांगितली असेल, पण दरवेळी समोर माइक असायचा, शेजारी पाण्याचा पेला असायचा, खुर्च्यांवर लोक मुद्दाम तेच ऐकायला आलेले असायचे. या पोरीला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. तिला गोष्ट नको होती, खांदा हवा होता. म्हणजे आता ती गोष्ट मला विचारेनाशी झाली होती. म्हातारं मांजर जसं दार कुणी उघडायची वाट न बघता पायानं ढकलून बाहेर जातं, तशी गेली. आई असती तर हसली असती. "आमचा मॅलकी पुस्तकं लिहितो ते बरंच झालं," ती शेजाऱ्यांना सांगायची, "आम्ही इतकी वर्षं फुकटात ऐकत होतो." दोन बस गेल्या. तिसरी आली तेव्हाही मी तिथंच उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं की हा जो थकवा आहे तो आजचा नाही, या आठवड्याचा नाही. कुठल्या तरी चढावर मी मधेच थांबलोय, ओझं खाली ठेवायला जागा नाही, आणि मागचे लोक माझ्या पुढं होण्याची वाट बघताहेत. तेवढ्यात खिशात फोन वाजला. फोन वाजला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही. हॉटेलात उतरलो की मी पहिल्यांदा रिसिव्हर उचलून बाजूला ठेवतो. आयोजक बिचारे म्हणतात, लेखक आहे, शांतता लागत असेल.

अट्रॅक्टा होती, माझी बहीण. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आता शहात्तरची. रॉसकॉमन परगण्यात आमच्या ड्रमनाकील गावात तिनं एकतीस वर्षं पोस्ट सांभाळलं, लग्न केलं नाही, आणि अजूनही फोनवर ती काउंटरपलीकडून बोलावं तशी बोलते. "शुक्रवारी येतोयस ना?" तिनं विचारलं. "सकाळी चर्चमध्ये आईसाठी मिस्सेची प्रार्थना आहे, तिसावं वर्ष. आणि संध्याकाळी हॉलमध्ये तुझं वाचन. खुर्च्या सांगून ठेवल्यात." मी म्हणालो, "येतो." ती म्हणाली, "नक्की ना? लोक वाट बघतात." एवढंच म्हणाली. चौदा देशांत मी ते प्रकरण वाचलंय, व्रोत्सवाफमध्ये वाचलंय, ओहायोत वाचलंय, पण ड्रमनाकीलमध्ये कधी वाचलं नव्हतं. तीस वर्षं दरवेळी काहीतरी आड येत होतं. खरं म्हणजे आडवा मीच पडत होतो. गेल्या ऑक्टोबरात कसा कोण जाणे 'हो' म्हणून बसलो. थकलेल्या माणसाच्या तोंडून 'हो' सहज निघून जातं, 'नाही' म्हणायला जरा जोर लागतो.

ते प्रकरण म्हणजे 'पुढची डावी बाजू' या माझ्या चौथ्या कादंबरीचं सहावं प्रकरण. त्याआधीच्या तीन कादंबऱ्यांची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती थोडकीच आहे. पहिलीला लंडनच्या एका वर्तमानपत्रानं 'आश्वासक' म्हटलं, दुसरीला तेच म्हटलं, तिसरीपर्यंत ते वर्तमानपत्रच बंद पडलं. दुसऱ्या कादंबरीच्या एकंदर एकशे त्र्याण्णव प्रती खपल्या, आणि त्यांतल्या तीन आईनं घेतल्या: एक येशूच्या तसबिरीखाली ठेवायला, एक फादरना द्यायला आणि एक कपाटाच्या तुटलेल्या पायाखाली. कपाट आजतागायत हललेलं नाही. टीकाकार म्हणाले पुस्तकाला भक्कम पाया नाही. आईनं त्याचाच पाया केला. मी त्रेचाळीसचा झालो होतो, दिवसा एका शाळेत इतिहास शिकवत होतो, आणि अशात चौऱ्याण्णवच्या जानेवारीत टोरोंटोच्या एका साहित्य-मेळाव्याचं बोलावणं आलं. गुरुवारी संध्याकाळी तिथं बक्षीससमारंभ होता आणि यादीत माझं नाव होतं. आयुष्यातलं पहिलं. मंगळवारी पहाटे इकडे आई गेली. आणि त्याच दिवशी तिकडे बर्फ सुरू झाला. काय तो बर्फ! आमच्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे खिडकीतून सरळ रस्त्यावर पाऊल टाकत होते. विमानतळ बंद, तारा तुटलेल्या, फोन मुके. यातलं निम्मं सोडून द्या, तरी मला येता आलं नाही एवढं उरतंच. गुरुवारी, अडकून पडलोच होतो म्हणून, मी त्या समारंभाला गेलो. बक्षीस मिळालं. काचेचा हंस आहे, मान जरा तिरकी आहे.

दहा दिवसांनी अट्रॅक्टाचं पत्र आलं. शाळेच्या वहीची सात पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पहिलीच ओळ होती: 'तुला फोन लागला नाही असं धरून लिहिते आहे.' मग पुढं सगळं. आमच्याकडे पेटी चर्चपासून कबरस्तानापर्यंत सहा जण खांद्यावर नेतात, तीन जोड्या, आणि जोड्या उंचीनं लावतात, नाहीतर पेटी कलते. पुढची डावी बाजू मुलाची. अंत्ययात्रेचं सगळं बघणारा लॅव्हिन होता, त्यानं मनातल्या मनात माझी उंची धरून ठेवली होती, सहा फूट, आणि माझ्या जोडीला उजवीकडे पॅकी गॅव्हिगनला उभं केलं होतं, कारण तोही सहा फूट. शेजारच्या शेतातला पॅकी. लहानपणी एका दगडावर उभं राहून आम्ही दोघं उंची मोजायचो. मिस्सा संपली. लॅव्हिननं चाळीस मिनिटं वाट पाहिली. फादरनी दोनदा घड्याळ बघितलं. सगळा गाव डब्लिनच्या रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून थंडीत उभा होता. मुलगा उशिरा येईल हे सगळ्यांच्या मनात आलं, मुलगा येणारच नाही हे कुणाच्याच मनात आलं नाही. आमच्या गावाची हीच एक चूक, बाकी लोक शहाणे आहेत. शेवटी अट्रॅक्टा पुढं झाली आणि म्हणाली, मी देते खांदा. तोवर तिथं कुठल्या बाईनं खांदा दिलेला नव्हता. लॅव्हिन खाकरला. फादर चर्चच्या छपराकडे बघू लागले. ती पॅकीपेक्षा चार बोटं बुटकी, पेटी तिच्या बाजूला कलायला लागली, तेव्हा पॅकीनं डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली आणि अट्रॅक्टाच्या खांद्यावर पेटीखाली सरकवली. मग त्यानं तिच्या मानेमागून हात घातला, तिनं त्याच्या, आणि निघाले. अर्धा मैल, सगळा चढ. टोपीला तंबाखूचा आणि मेंढ्यांचा वास येत होता, ती लिहिते. आणि मग ती ओळ: 'पहिली पन्नास पावलं पेटी जड होती. त्यानंतर आई जड झाली.'

ती ओळ आता शाळेच्या परीक्षेत विचारतात. स्पष्टीकरण द्या, सहा गुण. व्रोत्सवाफमध्ये एका कबरीवर ती कोरलेली आहे, आणि ओहायोत एका ट्रकचालकानं पाठीवर गोंदवून घेतलीय. शर्ट काढून दाखवली त्यानं मला, स्वल्पविरामासकट, आणि मूळ ओळीत स्वल्पविराम नाही. मी काय केलं म्हणाल तर फारसं काहीच केलं नाही. टाइपरायटरशेजारी ती सात पानं ठेवली, आणि अकरा दिवस उतरवत गेलो. पत्रात एक माणूस आईला खांदा देत होता, कादंबरीतही एक माणूस आईला खांदा देत होता. जागा तर माझीच होती ना? लॅव्हिननं धरून ठेवलेली. मी फक्त जाऊन उभा राहिलो, थोडा उशिरा. पुस्तक आलं, आणि कधी नव्हे ते लोकांनी वाचलं. पहिल्या मुलाखतीत एका बाईनं हळूच विचारलं, "हे तुमच्याच आईचं, नाही का?" मी टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी छापून आलं की लेखकाचे डोळे भरून आले. मग पुढच्या वेळी मीच थोडं घातलं, की दव गोठलेलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी एक कुत्रा पेटीमागून चालला. बॉस्टनपर्यंत कुत्रा लंगडा झाला होता. शाळेची नोकरी सुटली, घर झालं, बायको आली, बायको गेली. जाताना ती म्हणाली, "मॅलकी, तू मला एकदा तरी काही असं सांगितलंस का, जे आधी कुठं सांगितलं नव्हतंस?" मी विचार करायला लागलो. तेवढ्यात टॅक्सी आली.

पुस्तकाची पहिली प्रत मी सही करून अट्रॅक्टाला पाठवली होती. तिचं कार्ड आलं, त्यावर दोनच वाक्यं: 'पुस्तक मिळालं. टोपी ठेवलीस.' मला वाटलं, कौतुक केलंय. दोन वर्षांनी, फुटबॉलच्या फायनलच्या दिवशी, डब्लिनला एका दाराशी उभ्या गर्दीत पॅकी भेटला. हातात गार झालेलं सॉसेज, अंगावर आमच्या गावाचे रंग. "पुस्तक वाचलं रे," तो म्हणाला, "बायकोनं वाचून दाखवलं. छानच लिहिलंस. एकच विचारतो, राग मानू नकोस. सहा फुटी माणसाला टोपी कशाला लागली?" त्यानं सॉसेजचा तुकडा मोडला. "जाऊ दे," पॅकी म्हणाला, "आज आपला गोलरक्षक पाऊण शुद्धीवर आहे म्हणतात, काय होईल सांगता येत नाही." चौदा भाषांतल्या भाषांतरकारांना, पाच विद्यापीठांतल्या पंडितांना दिसलं नव्हतं ते. पण ज्यानं सोळाव्या वर्षापासून गावातल्या प्रत्येक पेटीला खांदा दिलाय, त्याला पहिल्याच वाचनात दिसलं. म्हणजे त्या गावातल्या प्रत्येकाला दिसलं होतं. आणि कुणीही, एकदाही, काही म्हटलं नव्हतं. या गप्प राहण्यानं मला जेवढं थकवलं तेवढं लिहिण्यानं नाही.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं गावाजवळच्या बॉयल स्टेशनला उतरलो. अट्रॅक्टा तिच्या छोट्या लाल गाडीत हातमोजे घालून बसली होती. "काय लेखकराव, वाळलास." "तूसुद्धा." "मी नाही. परवाच डॉक्टरनं वजन केलं, अर्धा किलो वाढलेय." मिस्सा झाली. दुपारी तिच्या स्वयंपाकघरात तिनं मला उकडलेलं अंडं आणि ब्राउन ब्रेड दिला, आणि ती पाठमोरी चुलीशी उभी असताना मी तिचे खांदे बघत होतो. सरळ होते. दोन्ही एका रेषेत. जिनं उचललं तिचे सरळ, मला हसू यायला हवं होतं. वर्षानुवर्षं मनात असं काहीतरी होतं की कधीतरी ती म्हणेल, मॅलकी, ते माझं आहे, दे इकडे. आणि मी देईन, आणि हलका होईन. त्याचीच भीतीही होती. आई गेली, बायको गेली; हिनं तोंड फिरवलं तर मला मॅलकी म्हणणारं घरचं माणूस जगात उरत नव्हतं.

"काय वाचणार आहेस आज?" तिनं वळून न बघता विचारलं.

"तू सांग."

"लोक आईचंच मागतील."

"अट्रॅक्टा, मी विचार करत होतो की आज जरा..."

"अंडं गार होतंय."

मी अंडं खाल्लं. आणि ते खाता खाता ठरवलं, की आज ठेवायचं खाली. सगळ्यांसमोर. जिथून उचललं तिथंच.

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि साठ माणसं आली होती. उरलेली खिडक्यांच्या कट्ट्यांवर, व्यासपीठाच्या पायऱ्यांवर. बाजूच्या टेबलावर हॅमची सँडविचेस ओल्या फडक्याखाली झाकलेली, आणि चहाचं मोठं भांडं फुसफुसत होतं. अट्रॅक्टा तिथं कपबशा लावत होती. पुढच्या रांगेत पॅकी, आता चौऱ्याहत्तरचा, गुडघ्यावर टोपी ठेवून. नव्या फादरनी मला गावाचं भूषण म्हटलं, माझ्या दोन पुस्तकांची नावं चुकवली आणि ते बसले. मी पुस्तक उघडलं, सहावं प्रकरण. पहिलं वाक्य वाचलं. साठ तोंडं माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती, की मी पुस्तक मिटलं.

"हे माझं नाही," मी म्हणालो. "आईला खांदा मी दिला नाही. मी इथं नव्हतो. अट्रॅक्टानं दिला. आणि ती ओळ तिची आहे, तिच्या पत्रातली. मी उतरवून घेतली."

चहाचं भांडं फुसफुसलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ते ठाऊक आहे आम्हाला!" आणि सगळा हॉल हसला. वाईट हसू नव्हतं ते. "तीस वर्षं ठाऊक आहे," एक बाई म्हणाली, "पण तू इतकं छान सांगत होतास, मधे कोण बोलणार?" पॅकीनं गुडघ्यावरची टोपी उचलून हवेत हलवली. "झालं एकदाचं," तो म्हणाला, "आता माझी टोपी परत द्या मला." पुन्हा हसणं. मग कुणीतरी टाळी वाजवली, अट्रॅक्टाकडे बघून, आणि सगळेच वळून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. तिनं मान वर केली नाही. एक बशी पुसत राहिली.

इथं मी बसायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं बसायलाच हवं होतं. पण टाळ्या थांबल्यावर जी शांतता झाली ती मला ओळखीची होती, आणि त्या शांततेत मला कधीच गप्प बसता आलेलं नाही. आणि खांदा, खोटं सांगत नाही, वर यायला लागला होता. मला तो येताना कळत होता, कोटाच्या आत, जिना चढावा तसा. म्हणून मी म्हणालो, "तुम्हाला वाटत असेल, मुलगा आला का नाही." आणि सुरू केलं. टोरोंटो सांगितलं. बर्फ सांगितला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाऊल टाकणारे पाहुणे सांगितले. तारा कशा तुटल्या, दिवसभर मी मुका रिसिव्हर कानाला लावून कसा बसलो. विमानतळावर तीन दिवस कसा बाकावर झोपलो, एका म्हाताऱ्या ननेनं मला आपली जपमाळ कशी दिली, आणि मेयोचा एक वैमानिक, आपल्या शेजारचा, नाव सांगत नाही, कसा म्हणाला की साहेब, तुमच्या आईसाठी मी उडवलं असतं, पण पंखच सापडत नाहीत बर्फात. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच; असं मला व्रोत्सवाफमध्येसुद्धा जमलं नव्हतं. समोरची एक बाई म्हणाली, "बिचारा. काय वाटलं असेल जिवाला." फादरनी रुमाल काढला. खांदा जवळजवळ बरोबरीत आला होता.

मी अट्रॅक्टाकडे बघितलं. तिच्या हातात भरलेली किटली होती. तिनं ती टेबलावर ठेवली, हळू, आवाज न करता, आणि झाकण नीट बसलंय का ते बोटानं चाचपून बघितलं. मग बोलली. आवाज चढवला नाही. पोस्टाच्या काउंटरवर एखाद्याच्या पाकिटावर तिकीट कमी पडलंय हे सांगावं, तशी बोलली.

"मॅलकी, बर्फ नव्हता रे."

तिनं हात फडक्याला पुसले.

"हॉटेलात फोन मी लावला होता. दोनदा वाजला, आणि तू उचललास. मी म्हटलं, आई गेली. तू जरा वेळ गप्प होतास. मग म्हणालास, बाई, चुकीचा नंबर लागलाय."